जुने कर्ण्याचे ध्वनिक्षेपक आणि घरगुती श्रवण : निवड, तपासणी व मांडणी

बीजसंज्ञा : कर्णा, भोंगा, ध्वनिक्षेपक, संरोध, निनादकाल

प्रस्तावना :
बुलडाणा जिल्ह्यात ‘भोंगा’ हा शब्द उच्चारला की जीपच्या टपावर किंवा मंडपाच्या खांबावर बांधलेले धातूचे नरसाळे डोळ्यांसमोर येते. सैलानीची यात्रा, शेगावचा प्रकटदिन उत्सव, सिंदखेडराजा येथील १२ जानेवारीचा जिजाऊ जन्मोत्सव, निवडणुकीचा प्रचार अशा सार्वजनिक प्रसंगांतूनच या उपकरणाचा परिचय झालेला असल्याने ‘भोंगा म्हणजे गोंगाट’ हे समीकरण रूढ झाले आहे. वस्तुतः कर्ण्याच्या आकाराचा ध्वनिक्षेपक हा अल्प शक्तीतून अधिक ध्वनी मिळविण्यासाठी निर्माण झालेला असून योग्य मांडणी केल्यास तो घरात अत्यंत मंद आवाजातही स्पष्ट श्रवण देतो. एकपडदा चित्रपटगृहे बंद पडत गेली, तसे त्यांच्या पडद्यामागील कर्णे अनेकदा वजनावर भंगारात विकले गेले. आरंभीचा बोलपट प्रेक्षकांनी ज्या साधनातून ऐकला, ते साधनच अशा रीतीने नाहीसे होते. अशी साधने मिळविताना व घरी बसविताना कोणती शास्त्रीय दृष्टी ठेवावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. कर्ण्याचे कार्य :
ध्वनिक्षेपकाचा पडदा जड असतो आणि हवा अतिशय हलकी असते. त्यामुळे पडद्याच्या हालचालीतील फारच थोडी ऊर्जा हवेत उतरते. सामान्य पेटीबंद ध्वनिक्षेपकात विद्युत ऊर्जेपैकी सुमारे एक टक्काच ध्वनीत रूपांतरित होते. कर्ण्याच्या अरुंद गळ्याशी हवेचा दाब जास्त असतो आणि मुखाकडे क्षेत्रफळ क्रमाने वाढत जाते. परिणामी पडदा व खोलीतील हवा यांच्या संरोधात मेळ साधला जातो. कर्णा स्वतः ऊर्जा निर्माण करीत नाही. रोहित्र विद्युतप्रवाहाच्या बाबतीत जे कार्य करते, तेच तो ध्वनीच्या बाबतीत करतो. तुतारीच्या पसरट मुखामागेही हेच तत्त्व आहे.

याचा व्यवहारातील अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर सामान्य ध्वनिक्षेपक ८७ डेसिबल आणि चित्रपटगृहातील कर्णा १०४ डेसिबल पातळी देतो असे मानू. हा १७ डेसिबलचा फरक शक्तीच्या भाषेत सुमारे पन्नास पट होतो. तीन मीटर अंतरावर बसून ७५ डेसिबल पातळीवर ऐकायचे झाल्यास, खोलीच्या भिंतींचा परिणाम वगळता, या कर्ण्यास एका वॅटचा सुमारे नव्वदावा भाग पुरतो. म्हणून घरी शेकडो वॅटचा प्रवर्धक निरर्थक ठरतो. पाच-दहा वॅटचा, परंतु निःशब्द प्रवर्धक आवश्यक ठरतो. कारण अन्यत्र ऐकू न येणारी गुणगुण व खरखर कर्ण्यातून ठळकपणे उमटते.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी :
ग्रामोफोनचा कर्णा विजेविना चालत असे. सुईचे कंपन पातळ पडद्यावर व तेथून कर्ण्यात जात असे. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि १९२६ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकचे ५५५ हे युनिट बोलपटासाठी वापरात आले. भारतात १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला. १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. त्या काळातील प्रवर्धकांची शक्ती अल्प असल्याने मोठे प्रेक्षागृह भरून काढण्यासाठी कर्ण्याशिवाय पर्याय नव्हता. १९४५ मध्ये अल्टेक लान्सिंग कंपनीने ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ ही मालिका आणली. पॉल क्लिप्श यांचा खोलीच्या कोपऱ्यात ठेवावयाचा ‘क्लिप्शहॉर्न’ १९४६ पासून घराघरांत जाऊ लागला. कोपऱ्यातील दोन भिंती व जमीन यांनाच कर्ण्याचा पुढील भाग मानण्याची त्यांची कल्पना आजही मार्गदर्शक आहे.

३. निवड :
कर्णा किती खालच्या स्वरापर्यंत काम करील, हे त्याच्या मुखाच्या आकारावर व तो किती वेगाने रुंदावतो यावर अवलंबून असते. स्थूल नियम असा की, मुखाचा परीघ किमान त्या स्वराच्या तरंगलांबीइतका असावा. ४० सेंटिमीटर व्यासाच्या भोंग्याचा परीघ सुमारे १.२६ मीटर भरतो. म्हणजेच सुमारे २७० हर्ट्झखाली त्याची क्षमता झपाट्याने घटते. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ व तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झ असतो. या भोंग्यातून खर्जाचा मूळ स्वर जवळजवळ येतच नाही. त्याचे वरचे स्वरांश ऐकून मेंदू तो स्वर कल्पितो. भाषण कळते पण गाणे नाकातून आल्यासारखे वाटते, याचे एक प्रमुख कारण हेच आहे.

यावरून असे दिसते की, मंडपाचा घडीचा भोंगा संगीतासाठी एकटा पुरेसा नाही. चित्रपटगृहातील संच मिळत असल्यास मध्य व उच्च स्वरांचा कर्णा, त्याचे युनिट, खालच्या स्वरांची पेटी आणि स्वरविभाजक मंडल हे सर्व एकत्रच घ्यावे. डावा व उजवा असे दोन्ही संच एकाच बनावटीचे असावेत. केवळ नाव पाहून घेतलेला सुटा कर्णा बहुधा शोभेची वस्तू होऊन राहतो.

४. खरेदीपूर्व तपासणी :
मुंबईच्या चोरबाजारासारखे जुने बाजार, बंद चित्रपटगृहांचे मालक आणि लाउडस्पीकर भाड्याने देणारे जुने व्यावसायिक ही प्राप्तीची प्रमुख ठिकाणे होत. तपासणीत पुढील बाबी पाहाव्यात.

(अ) मल्टिमीटरने युनिटचा रोध मोजावा. १६ ओहम अंकित युनिटचा रोध त्याहून काहीसा कमी दिसतो. तो अनंत दाखविल्यास कॉइल तुटलेली असते.
(आ) पडदा मूळचा आहे की बदललेला, हे पाहावे. दोन युनिटांतील पडदे भिन्न असल्यास दोन्ही बाजूंचा आवाज जुळत नाही.
(इ) अ‍ॅल्निको चुंबक असलेली युनिटे आदळल्यास चुंबकत्व घटू शकते. म्हणून प्रवासात ती कर्ण्यापासून वेगळी करून गादीत बांधावीत.
(ई) सार्वजनिक वापराच्या भोंग्यात शंभर व्होल्ट वाहिनीसाठी रोहित्र बसविलेले असू शकते. घरगुती प्रवर्धक जोडण्यापूर्वी ते वेगळे करावे.
(उ) अगदी जुन्या युनिटांत कायम चुंबकाऐवजी विद्युतचुंबक असतो व त्यास स्वतंत्र एकदिश प्रवाह लागतो.

५. घरातील मांडणी :
युनिटला खालच्या स्वरांचा प्रवाह कधीही थेट देऊ नये, पडदा फाटतो. १६ ओहमच्या युनिटसोबत २० मायक्रोफॅराडचा अध्रुवीय कपॅसिटर एकसरीत जोडल्यास सुमारे ५०० हर्ट्झखालील प्रवाह क्रमाने घटत जातो. हा किमान उपाय असून मूळ स्वरविभाजक उपलब्ध असल्यास तोच दुरुस्त करून वापरावा.

कर्णा लांब असल्याने त्याचे युनिट मागे राहते. खालच्या पेटीतील कॉइलपेक्षा ते अर्धा मीटर मागे असल्यास ध्वनी सुमारे दीड सहस्रांश सेकंद उशिरा पोहोचतो. ५०० हर्ट्झच्या स्वराचे एक आवर्तन दोन सहस्रांश सेकंदांचे असल्याने विभाजनाच्या जागी स्वर परस्परांना क्षीण करतात. दोन्ही कॉइल शक्यतो एका उभ्या रेषेत आणाव्यात. पत्र्याचा कर्णा स्वतः घणघणत असल्यास बाहेरून डांबरी पट्टी किंवा जाड नमदा लावावा. आतील पृष्ठभागास हात लावू नये.

खोलीचा विचार तितकाच महत्त्वाचा आहे. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद व तीन मीटर उंच खोलीचे घनफळ ६० घनमीटर होते. सिमेंटचे छत व गुळगुळीत फरशी असलेल्या अशा खोलीतील ध्वनिशोषण आठ चौरस मीटर धरल्यास सॅबिनच्या सूत्रानुसार निनादकाल सुमारे १.२ सेकंद येतो. सतरंजी, गाद्या, गोधड्या व पुस्तकांची कपाटे यांमुळे शोषण वीस चौरस मीटर झाल्यास तो अर्ध्या सेकंदाच्या आत येतो आणि शब्द सुटे ऐकू येतात. महागड्या उपकरणांपूर्वी हा स्वस्त उपाय करावा.

६. विधिविषयक मर्यादा :
ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी ध्वनियंत्रणेची पातळी घराच्या हद्दीवर त्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून अधिक असू नये. महाविद्यालये, रुग्णालये व न्यायालये यांच्या सभोवतालच्या शांतता क्षेत्रात मर्यादा अधिक कडक आहे. कर्णा ध्वनीला एका दिशेने केंद्रित करतो. म्हणून त्याचे मुख उघड्या खिडकीकडे नव्हे, तर श्रोत्याकडे असावे.

निष्कर्ष :
कर्ण्याचा दोष त्याच्या रचनेत नसून त्यास दिलेल्या अवाजवी शक्तीत आहे. घरगुती वापरात त्याचे खरे मोल मंद आवाजातील स्पष्टतेत आढळते. पूर्ण संच, सुस्थितीतील युनिट, अल्पशक्तीचा निःशब्द प्रवर्धक आणि निनाद आटोक्यात असलेली खोली या चार अटी पूर्ण झाल्यासच तो अनुभव मिळतो. महाविद्यालयांच्या दृष्टीने असा एक दुरुस्त केलेला संच भौतिकशास्त्र, संगीत व इतिहास या तिन्ही विभागांना प्रात्यक्षिकासाठी उपयोगी पडू शकेल. एकदा वितळविलेला कर्णा परत मिळत नाही; त्यामुळे जिल्ह्यातील बंद चित्रपटगृहांत जे काही शिल्लक असेल, त्याची नोंद करणे हे पहिले पाऊल ठरावे.