गोखिवऱ्याचा माल शोधयंत्राच्या सूचीत

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस उतरून मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या दिशेने निघाले की गोखिवरे लागते. तुंगारेश्वराच्या डोंगराकडे तोंड करून वसलेले हे एकेकाळचे खेडे आज वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. गोखिवरे, सातिवली, वालीव या पट्ट्यात लघुउद्योगांचे गाळे दाटीने उभे आहेत. एका गाळ्यात प्लास्टिकच्या वस्तू घडतात, शेजारी यंत्रांचे सुटे भाग कातले जातात, तर वरच्या मजल्यावर पुठ्ठ्याची खोकी तयार होतात. मुंबईचे सान्निध्य हे या गाळ्यांचे मोठे भांडवल. माल खपविण्यासाठी ओळखीचा व्यापारी, एखादा दलाल आणि दूरध्वनी क्रमांकांची वही एवढी सामग्री पुष्कळ वर्षे पुरेशी ठरली.

आता ग्राहकाची सवय पालटली आहे. राजकोटच्या किंवा कोइमतूरच्या कारखानदाराला खोकी हवी असतील, तर तो प्रथम खिशातील भ्रमणध्वनी काढतो आणि शोधयंत्रास विचारतो. त्या उत्तरात ज्याचे नाव नाही, तो गाळेवाला कितीही चोख माल देत असला तरी त्या ग्राहकाच्या लेखी अस्तित्वातच नसतो. संकेतस्थळाची रचना व मजकूर शोधयंत्राला सुलभ होईल असा करण्याच्या या कामास व्यवहारात ‘एसईओ’ म्हणतात. या नावाभोवती बरेच गूढ निर्माण करण्यात आले आहे. वास्तविक त्यातील मोठा भाग म्हणजे आपण काय करतो, कोठे करतो आणि किती प्रमाणात देऊ शकतो, हे स्वच्छ शब्दांत लिहून ठेवणे होय.

शोधयंत्राचे कार्य

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुली केली. पुढे १९९८ मध्ये अमेरिकेत लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या विद्यार्थ्यांनी गूगल कंपनी स्थापिली. त्यांची मूळ कल्पना शिक्षकवर्गास सहज पटेल अशी होती. ज्या ग्रंथाचा उल्लेख इतर अनेक मान्यवर ग्रंथांत येतो, तो ग्रंथ महत्त्वाचा मानला जातो. त्याचप्रमाणे ज्या पानाकडे इतर चांगली पाने निर्देश करतात, त्या पानास अधिक वजन द्यावे.

शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. त्याची स्वयंचलित प्रणाली एका पानावरून दुसऱ्या पानावर जात मजकूर गोळा करते. नंतर त्या मजकुराची सूची तयार होते. ग्रंथालयातील विषयवार सूचीसारखीच ती असते, मात्र आकाराने अफाट. कोणी प्रश्न विचारला की या सूचीतून योग्य वाटणारी पाने क्रमवारीने पुढे केली जातात. क्रम ठरविताना अनेक गोष्टी पाहिल्या जातात आणि त्यांचे प्रमाण वरचेवर बदलते. एक गोष्ट मात्र बदललेली नाही. जे लिहिलेलेच नाही ते सूचीत येऊ शकत नाही.

येथेच पुष्कळ लघुउद्योजकांचे घोडे अडते. संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर ‘गुणवत्ता हेच आमचे ब्रीद’ असे ठळक अक्षरांत असते. पण खोके कोणत्या मापाचे, पुठ्ठा किती पदरी, किमान मागणी किती नगांची, माल किती दिवसांत मिळेल, यांपैकी एकही तपशील नसतो. ग्राहक तर नेमके हेच विचारीत असतो. ब्रीदवाक्य शोधण्यासाठी कोणी शोधयंत्र उघडीत नाही! काही ठिकाणी सर्व माहिती भेटपत्रिकेच्या छायाचित्रातच असते. चित्रातील अक्षरांवर विसंबून राहणे धोक्याचे. पत्ता, क्रमांक व मालाचे वर्णन साध्या मजकुराच्या रूपात असलेच पाहिजे.

विक्रेत्याचा शब्द आणि ग्राहकाचा शब्द यांत अंतर पडते, ही दुसरी अडचण. वसईच्या वाड्यांतील सुकेळी प्रसिद्ध आहेत. स्थानिक माणूस ‘सुकेळी’ म्हणेल; बाहेरचा ग्राहक वाळविलेली केळी किंवा ‘ड्राय बनाना’ असे लिहून शोधील. पानावर एकच शब्द असेल, तर दुसरा शब्द वापरणारा ग्राहक दुरावण्याची शक्यता राहते. गाळ्यातील कारागिरांची भाषा आणि खरेदी अधिकाऱ्याची भाषा यांतही असेच अंतर असते. आपल्या जुन्या ग्राहकांनी पत्रांतून वा संदेशांतून मालाला कोणकोणत्या नावांनी संबोधले आहे, हे उद्योजकाने एकदा चाळून पाहिले तरी पुष्कळ शब्द विनामूल्य हाती लागतात.

नावांचा घोळ

गोखिवऱ्याच्या बाबतीत पत्ता हा स्वतंत्र प्रश्न आहे. गावाचे नाव रोमन लिपीत लिहिताना ‘व’ साठी कोणी ‘व्ही’ वापरतो, कोणी ‘डब्ल्यू’. शेवटी कोणी ‘ई’ लिहितो, कोणी ‘ए’. त्यात १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यापूर्वी कोठे नोंदविलेला पत्ता कोणी दुरुस्त केला नसेल, तर तेथे जिल्हा ठाणे असाच राहतो. एकाच उद्योगाची एका ठिकाणी ठाणे जिल्ह्यात, दुसऱ्या ठिकाणी पालघर जिल्ह्यात आणि तिसऱ्या ठिकाणी बंद पडलेल्या दूरध्वनी क्रमांकासह नोंद आढळली, तर यंत्र गोंधळते आणि मालमोटारीचा चालकही गोंधळतो.

जवळपासचे उद्योग दाखविताना आपण तीन गोष्टी विचारात घेतो, असे गूगलने जाहीर केलेले आहे. प्रश्नाशी असलेला संबंध, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि त्या उद्योगाची प्रसिद्धी या त्या गोष्टी होत. अंतर कोणाला बदलता येत नाही. पण नकाशावरील खूण योग्य गाळ्यावर असणे हे उद्योजकाच्या हातात आहे. गूगलवरील व्यवसायाची नोंद विनामूल्य होते व ती खरी आहे की नाही याची पडताळणी केली जाते. नाव, पत्ता, कामाच्या वेळा, साप्ताहिक सुट्टी व गाळ्याची खरी छायाचित्रे एवढे दिले तरी आरंभ उत्तम होतो. नोंदीवर ग्राहकांचे अभिप्राय येतात. ते विकत घेऊन भरण्याचा मोह टाळावा. अशा अभिप्रायांच्या सचोटीसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये मानकही ठरवून दिले आहे.

संकेतस्थळ त्वरेने उघडणेही महत्त्वाचे. पानातील मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा दंडक गूगलने सुचविला आहे. मोठ्या आकाराची छायाचित्रे जशीच्या तशी चढविल्यामुळे पाने रेंगाळतात. ती आधी लहान करून घेतली की काम भागते.

पहिल्या क्रमांकाची हमी

एवढे साधे काम असूनही त्यात फसगत होते, ती हमीच्या भाषेमुळे. महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन शोधयंत्रात पहिला क्रमांक मिळवून देऊ, असे सांगणारे अनेक भेटतात. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असे खुद्द गूगलच्या मार्गदर्शनात नमूद आहे. जाहिरात म्हणून पैसे भरून वरचे स्थान मिळते. मात्र तेथे तसा उल्लेख असतो आणि पैसे थांबले की ते स्थानही जाते. जाहिरातीवर खर्च केल्याने नैसर्गिक क्रमवारी सुधारत नाही. दुसऱ्यांचा मजकूर उतरवून पाने फुगविणे किंवा निर्देश विकत घेणे हे प्रकार पूर्वी चालून जात. २०११ व २०१२ मध्ये गूगलने आपल्या पद्धतीत केलेल्या बदलांनंतर अशी अनेक संकेतस्थळे मागे फेकली गेली. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर शोधाच्या आरंभीच दिसू लागले आहे. भारतात हा प्रकार २०२४ पासून सुरू झाला.

शासकीय खरेदीसाठी २०१६ पासून ‘जेम’ हे स्वतंत्र दालन आहे. तेथेही मालाचे वर्णन, माप व छायाचित्र यांवरच अधिकाऱ्याची निवड अवलंबून असते. लघुउद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून चालू असून तिला शुल्क नाही. तिच्या नावाखाली पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहण्याविषयी पंचायत सदस्यांनी बचत गटांना व छोट्या उत्पादकांना अवश्य सांगावे.

मराठी नाव हवे असणाऱ्यांसाठी २०१४ पासून ‘.भारत’ या देवनागरी प्रत्ययाची सोय आहे. नाव कोणत्याही प्रत्ययाचे असो, त्याची नोंद कोणाच्या नावे आहे, हे उद्योजकाने आजच पाहून घ्यावे. संकेतस्थळ तयार करून देणारा पुष्कळदा नावाची नोंदही स्वतःच्याच खात्यावर करतो. संबंध बिघडले किंवा तो व्यवसाय सोडून गेला, तर गाळेवाल्याला स्वतःच्याच दुकानाची किल्ली मिळत नाही. नोंदणी उद्योजकाच्या नावे, त्याच्याच ई-पत्त्यावर असावी आणि नूतनीकरणाची तारीख करभरणाच्या तारखेइतकीच काळजीपूर्वक टिपून ठेवावी. मुदत टळली तरी सर्वसाधारणपणे काही दिवस पूर्वीच्या धारकास नाव परत घेता येते, मात्र त्यासाठी जादा आकार पडू शकतो. तोही काळ उलटला की ते नाव कोणालाही खुले होते.