हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे!



गणपती होतात, दिवाळी होते, आणि मग मंडळाच्या ए.जी.एम.ची नोटीस येते. नाटकाला हॉल भरून वाहतो, पण या सभेला मात्र कोरम जमवण्यासाठी फोनाफोनी करावी लागते! डँडेनॉन्ग काय किंवा मेलबर्नचे दुसरे टोक काय, अनुभव सारखाच. सभेत खजिनदार जमाखर्च वाचून दाखवतात, कोणीतरी "मंजूर" म्हणते आणि सगळे चहाकडे वळतात. प्रश्न विचारावा तर संकोच वाटतो. आपलीच माणसे, फुकट राबतात, त्यांना हिशेब काय विचारायचा?

आम्हाला मात्र वाटते की हा संकोच सोडायला हवा. का, ते या लेखात सांगतो.

पर्वतीपासून सुरुवात

देवस्थानाला हिशेब विचारण्याची आपली परंपरा जुनी आहे. पुण्याच्या पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दल लोकांत नाराजी होती. त्या खटपटीतूनच १८७० साली पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले 'सार्वजनिक काका', हे तिचे प्रमुख कार्यकर्ते. या सभेचा एक नियम पाहण्यासारखा आहे. सभासद व्हायचे तर निदान ५० लोकांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. दुसऱ्याला जाब विचारायचा, तर आपण कोणाच्या वतीने बोलतो हे आधी दाखवा, असा त्याचा अर्थ. पुढे याच सभेने शेतकऱ्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडली.

इथे लक्ष कोण ठेवते?

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांसाठी १९५० चा कायदा आणि धर्मादाय आयुक्त आहेत, हे आपल्याला माहीत असते. इथे तीन कार्यालयांशी संबंध येतो.

१) कन्झ्युमर अफेअर्स व्हिक्टोरिया. मंडळ 'इनकॉर्पोरेटेड असोसिएशन' असेल तर त्याला २०१२ चा राज्याचा कायदा लागू होतो. आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच महिन्यांत ए.जी.एम. घ्यावी लागते. म्हणजे वर्ष ३० जूनला संपत असेल तर ३० नोव्हेंबरच्या आत. सभेनंतर एका महिन्यात वार्षिक विवरण भरायचे असते. ए.सी.एन.सी.कडे नोंदलेल्या संस्थांना यातून सूट आहे, कारण त्या आपले विवरण तिकडे भरतात.

२) ऑस्ट्रेलियन चॅरिटीज अँड नॉट-फॉर-प्रॉफिट्स कमिशन, म्हणजे हेच ए.सी.एन.सी. हे डिसेंबर २०१२ पासून काम करते. इथे एक गैरसमज नेहमी आढळतो. 'ना नफा' संस्था म्हणजे आपोआप 'चॅरिटी' नव्हे! चॅरिटी म्हणून वेगळी नोंदणी लागते. नोंदलेल्या प्रत्येक संस्थेचे नाव आणि उद्दिष्ट कमिशनच्या यादीत कोणालाही फुकट पाहता येते. बहुतेकांच्या विश्वस्तांची नावे आणि वार्षिक माहितीही तिथे मिळते. देणगी देण्याआधी दोन मिनिटे काढून ती जरूर पाहावी.

३) टॅक्स ऑफिस. चॅरिटी नसलेल्या, पण ए.बी.एन. असलेल्या आणि स्वतःला करमुक्त मानणाऱ्या संस्थांना २०२३-२४ या वर्षापासून दरवर्षी 'सेल्फ-रिव्ह्यू रिटर्न' भरावे लागते. बरीच सांस्कृतिक मंडळे यात मोडतात.

एवढी कार्यालये आहेत, मग काळजी कसली? तर मुद्दा असा की कमी उत्पन्नाच्या वर्गातील असोसिएशनला व्हिक्टोरियात ऑडिट सक्तीचे नाही. सभासदांनी बहुमताने ठराव केला किंवा रजिस्ट्रारने सांगितले, तरच ते करावे लागते. म्हणजे आपल्यासारख्या छोट्या मंडळांवर खरी देखरेख सरकारची नसून सभासदांचीच असते. आणि सभासद तर चहाकडे वळलेले असतात!

नुसता चांगुलपणा पुरत नाही

चांगल्या कामाच्या नावाला लोक किती पटकन भुलतात, याचे उदाहरण मेलबर्नमध्येच घडले. बेल गिब्सन हिने कॅन्सर बरा केल्याची खोटी कथा सांगितली आणि कमाईतला वाटा धर्मादाय कामांना देऊ असे जाहीर केले. त्यातले बहुतेक पैसे पोहोचलेच नाहीत. कन्झ्युमर अफेअर्स व्हिक्टोरियाने खटला भरला आणि २०१७ मध्ये फेडरल कोर्टाने तिला ४,१०,००० डॉलर दंड केला.

आपल्या मंडळात असे कोणी नसते, हे मान्य. पण गडबड व्हायला माणूस लबाड असावाच लागतो असे नाही. आमच्यापैकी बरेच जण आय.टी.त आहेत. ज्याने कोड लिहिला त्यानेच तपासून लाइव्ह करायचा, हे आपण ऑफिसात चालू देत नाही. माणूस कितीही हुशार असला तरी नाही. मंडळाच्या पैशालाही तोच नियम लावायचा:

- बँकेतून पैसे काढायला दोघांची मंजुरी.
- खाण्याच्या स्टॉलची रोकड दोघांनी मोजून चिठ्ठीवर सह्या.
- दर महिन्याला बँक स्टेटमेंट सगळ्या कमिटीसमोर.
- केटरिंगचे काम कमिटीतल्या कोणाच्या घरच्या धंद्याला जात असेल, तर त्याने ते आधी सांगून निर्णयातून बाजूला व्हायचे. (हितसंबंध उघड करणे कायद्यानेही बंधनकारक आहे.)

गावाकडे पैसे पाठवताना

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला. अशा वेळी आपण सगळेच मदतीला धावतो. पण ऑस्ट्रेलियात नोंदलेले मंडळ, किंवा इथले नागरिकत्व घेतलेली व्यक्ती (ओ.सी.आय. कार्ड असले तरी), यांची देणगी भारतीय कायद्याने 'परकीय' ठरते. ती घेणाऱ्या संस्थेकडे २०१० च्या एफ.सी.आर.ए. कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच घ्यावी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेल्या पैशाला हा नियम नाही. म्हणून मदतनिधी गोळा करण्याआधीच घेणाऱ्या संस्थेची नोंदणी विचारून घ्यावी. नाहीतर पैसे इथे अडकतात, किंवा तिकडची संस्था गोत्यात येते. निधीचा हिशेबही नाटक-सहलीच्या पैशांत न मिसळता वेगळा ठेवावा.

तर यंदा काय करायचे?

ए.जी.एम.ला या, आणि तीनच प्रश्न विचारा. बँकेतली शिल्लक आणि ताळेबंद जुळतात का? हिशेब कमिटीबाहेरच्या कोणी तपासला का? गेल्या वर्षी गोळा केलेला निधी पोहोचल्याची पावती आहे का? संस्थेची घटना आणि सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त पाहण्याचा हक्क तर प्रत्येक सभासदाला आहेच.

थोडक्यात काय, मुले झोपल्यावर रात्री अकराला पावत्या जुळवत बसणाऱ्या खजिनदारावर कोणी खुसपुसत संशय घेतला, तर त्याच्याकडे उत्तर नसते. तेच प्रश्न भर सभेत विचारले गेले, त्याने कागद दाखवले आणि ते इतिवृत्तात लिहिले गेले, की पुढे कोणी बोट दाखवू शकत नाही. हिशेब विचारल्याने पहिले संरक्षण मिळते ते त्यालाच. आणि पुढच्या वर्षी हे पद घ्यायला दुसरे कोणी पुढे यायचे असेल, तर एवढे तरी आपण करायलाच हवे.