हरवलेले मूल आणि बंद घर : रोड हिल प्रकरणाचा पुराव्याच्या दृष्टीने विचार

१

लहान मूल नाहीसे झाल्याची वर्दी पोलिसांकडे येते, तेव्हा ती देणारी माणसे बहुधा त्या मुलाचे आईबापच असतात. मूल शेवटी कोणी पाहिले, त्याच्या अंगावर कोणते कपडे होते, रात्री कोणते दार लावलेले होते, ही सर्व माहिती त्यांच्याच तोंडून मिळते. घराच्या कोणत्या भागात पोलिसांनी जावे हेही पुष्कळ अंशी त्यांच्याच संमतीवर अवलंबून असते. पुढे हेच प्रकरण खुनाचे ठरले आणि संशयाची दिशा घराबाहेरून घरात वळली, म्हणजे कालचे फिर्यादी आज संशयित होतात. तथापि तोपर्यंत जमा झालेला पुरावा त्यांच्याच सहकार्याने व त्यांच्याच मर्यादेत जमा झालेला असतो. तपासाची दिशा बदलण्याचा हा क्षण उशिरा आला तर काय गमवावे लागते, याचे बोधप्रद उदाहरण इंग्लंडमधील रोड हिल येथील १८६० च्या प्रकरणात सापडते. गुप्त पोलिसांच्या इतिहासात आणि इंग्रजी रहस्यकथेच्या जडणघडणीत या प्रकरणाला स्थान आहे. परंतु पुराव्याच्या कायद्याच्या अभ्यासकाला त्यातून मिळणारा धडा अधिक मोलाचा आहे.

२

विल्टशर व सॉमरसेट या परगण्यांच्या सीमेवर रोड नावाचे खेडे आहे. तेथील ‘रोड हिल हाउस’ या प्रशस्त घरात सॅम्युएल केंट हे कारखान्यांचे सरकारी निरीक्षक सहकुटुंब राहत असत. त्यांची पहिली पत्नी १८५२ मध्ये वारली व पुढील वर्षी त्यांनी घरातील मुलांच्या शिक्षिकेशीच विवाह केला. पहिल्या पत्नीची चार मुले व दुसरीची तीन, अशी सात भावंडे त्या घरात होती. थोरल्या कुटुंबातील कॉन्स्टन्स सोळा वर्षांची होती आणि तिचा पाठचा भाऊ विल्यम तिच्याहून वर्षाने लहान होता. धाकट्या कुटुंबातील सॅव्हिल हा मुलगा चार वर्षांचा व्हावयाचा होता.

२९ जून १८६० च्या रात्री त्या घरात बारा माणसे निजली. सॅव्हिल आपल्या धाकट्या बहिणीसह एलिझाबेथ गफ या दाईच्या खोलीत होता. पहाटे पाचच्या सुमारास दाईला जाग आली, तेव्हा त्याचा बिछाना रिकामा होता. आईने त्याला आपल्याकडे नेले असावे, अशा समजुतीने ती पुन्हा झोपली. सातनंतर तिने मालकिणीच्या दारावर थाप मारली, तेव्हा मूल तेथेही नसल्याचे उघड झाले. दिवाणखान्याची खिडकी उघडी सापडल्यामुळे मूल कोणीतरी पळविले असा तर्क सहजच झाला, आणि केंट गाडी जोडून पोलिसांना आणावयास ट्रोब्रिजच्या वाटेने निघाले. ते परतण्यापूर्वीच गावातील दोघा माणसांनी बागेतील शेतखान्यात शोध घेतला. तेथे घोंगडीसह मुलाचे प्रेत मिळाले. गळा चिरलेला होता आणि छातीतही एक जखम होती.

दिवाणखान्याची खिडकी आतून उघडली गेली होती. बाहेरच्या माणसाने जबरीने प्रवेश केल्याची खूण नव्हती, कुत्रा भुंकून घर जागे झाले नव्हते, आणि निजलेल्या मुलाला दाईच्या उशालगतून निःशब्दपणे उचलून नेणाऱ्याला घराची माहिती असलीच पाहिजे होती. सारांश, तपासाने घरात वळावे याची कारणे पहिल्याच दिवशी उपलब्ध होती.

३

तरीही तपास घरात शिरला तो दबकत. त्याच दिवशी स्वयंपाकघरातील चुलाणात बायकी वापराचा, रक्ताचे डाग असलेला एक आतला कपडा पोलिसांना सापडला. तो पुराव्यासाठी ताब्यात घेण्याऐवजी होता तेथेच ठेवण्यात आला, आणि पुढे तो नाहीसा झाला. त्या रात्री पहाऱ्यासाठी म्हणून घरात ठेवलेल्या पोलिसांना खुद्द केंट यांनी स्वयंपाकघरात बसवून बाहेरून कडी घातली. पाहणारे कोंडले गेले आणि ज्यांच्यावर नजर ठेवावयाची ती माणसे घरभर मोकळी राहिली. घरमालकाच्या प्रतिष्ठेपुढे पोलिसांचा अधिकार किती तोकडा पडला, हे दाखवावयास दुसऱ्या उदाहरणाची गरज नाही. कपड्याची ही हकीकत स्थानिक पोलिसांनी नोव्हेंबर १८६० पर्यंत दडवून ठेवली.

कॉरोनरपुढील चौकशीतही हाच संकोच दिसतो. घरच्या मंडळींना साक्षीस बोलाविण्याची कॉरोनरची इच्छा नव्हती. ज्यूरीने आग्रह धरल्यामुळे कॉन्स्टन्स व विल्यम यांच्या थोडक्यात जबान्या झाल्या. निर्णय ‘अज्ञात इसमाकडून खून’ असा झाला. उलटपक्षी दाईच्या बाबतीत असा संकोच कोणाला वाटला नाही. तिला जुलैमध्ये अडकवून ठेवण्यात आले, सोडण्यात आले आणि शरद ऋतूत पुन्हा पकडून ऑक्टोबरमध्ये पुराव्याअभावी मुक्त करण्यात आले. संशय घरात शिरला खरा, परंतु तो प्रथम नोकरांच्या खोलीतच थांबला.

१५ जुलै रोजी लंडनहून स्कॉटलंड यार्डचे इन्स्पेक्टर जोनाथन विचर आले. १८४२ मध्ये स्थापन झालेल्या गुप्त पोलीस शाखेतील पहिल्या मोजक्या माणसांपैकी ते एक. त्यांनी तपासाचा रोख कपड्यांच्या यादीकडे वळविला. कॉन्स्टन्सचे निजावयाचे झगे तीन होते व त्यांपैकी एक आढळत नव्हता. तो धुण्यात गेला व परटिणीकडून हरवला, असे सांगण्यात आले. विचर यांचा तर्क असा : सोमवारी धुण्याची टोपली भरल्यावर कॉन्स्टन्सने काही निमित्ताने मोलकरणीला पाण्याचा पेला आणावयास पाठविले. तेवढ्या अवधीत तिने एक स्वच्छ झगा टोपलीतून काढून घेतला. यादीत नोंदलेला झगा परटिणीकडे न पोहोचल्यामुळे दोष तिच्यावर जावा आणि डाग पडलेल्या झग्याची उणीव झाकली जावी, हा त्यातला हेतू. याला त्यांनी १८५६ च्या एका घटनेची जोड दिली. त्या वर्षी कॉन्स्टन्स विल्यमसह घरातून पळाली होती; त्या वेळी मुलाचा वेष करण्यासाठी कापलेले आपले केस तिने याच शेतखान्यात टाकले होते.

तर्क कुशल होता, परंतु तो एका अभावावर उभा होता. नसलेला झगा हा पुरावा होण्यासाठी तो का नाही हे दुसऱ्या कशाने तरी सिद्ध व्हावयास हवे होते. चुलाणातील त्या कपड्याचा या तर्काशी संबंध होता की नव्हता, हे तपासून पाहण्याची सोय स्थानिक पोलिसांनी ठेवलेली नव्हती. २७ जुलै रोजी मॅजिस्ट्रेटांनी कॉन्स्टन्सला वडिलांच्या २०० पौंडांच्या हमीवर सोडले. श्रमिक वर्गातून वर आलेल्या एका पोलिसाने सद्गृहस्थाच्या कन्येवर असा आरोप करावा, याबद्दल वृत्तपत्रांनी व लोकप्रतिनिधींनी विचर यांच्यावर झोड उठविली. १८६४ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव ते निवृत्त झाले.

४

२५ एप्रिल १८६५ रोजी कॉन्स्टन्स लंडनच्या बो स्ट्रीट न्यायालयात स्वतःहून हजर झाली आणि तिने गुन्हा कबूल केला. त्यापूर्वी ती ब्रायटन येथील एका धार्मिक आश्रमात राहत होती व आश्रमाचे धर्मगुरू आर्थर वॅग्नर यांच्यापुढे तिने पापनिवेदन केले होते. २१ जुलै रोजी सॉल्झबरी येथील सत्रात तिने ‘दोषी’ असे उत्तर दिले. साक्षीपुरावा होण्याचा प्रश्नच उरला नाही. अपराध आपल्या एकटीचा आहे आणि घरात झालेल्या वाईट वागणुकीमुळे तो घडला नाही, असे तिने वकिलांमार्फत सांगितले. फाशीची शिक्षा होऊन ती जन्मठेपेत परिवर्तित झाली. १८८५ मध्ये ती सुटली आणि ऑस्ट्रेलियात नाव बदलून परिचारिका म्हणून जगली. शंभर वर्षांची होऊन १९४४ मध्ये ती तेथेच वारली.

कबुलीने विचर यांचा संशय खरा ठरला. सर्व शंका मात्र फिटल्या नाहीत. वडिलांच्या वस्तऱ्याने आपण खून केला, असे तिचे म्हणणे होते. छातीतील जखम भोसकल्याची होती व वस्तऱ्याने ती कशी व्हावी, हा प्रश्न शल्यवैद्याच्या साक्षीमुळे आधीच उभा होता. विल्यमला वाचविण्यासाठी तिने सारा दोष स्वतःवर घेतला असावा, असाही तर्क पुढील अभ्यासकांनी मांडला आहे. केट समरस्केल यांच्या २००८ च्या ग्रंथात त्याची चर्चा आहे. पहिल्या आठवड्यात वस्तुरूप पुरावा जपला गेला असता, तर कबुली ताडून पाहण्याचे साधन हाती राहिले असते. ते नसल्यामुळे आरोपीचा शब्द हाच आरंभ आणि तोच शेवट ठरला.

५

भारतीय अभ्यासकाला या प्रकरणातील दोन मुद्दे विशेष विचारणीय आहेत. पहिला कबुलीचा. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेल्या १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने पोलिसांपुढील कबुली आरोपीविरुद्ध त्याज्य ठरविली. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही कलम २३ मध्ये ते तत्त्व कायम ठेवले. यामागील भूमिका सरळ आहे : कबुलीच्या आशेवर विसंबणारा तपास वस्तूंचा शोध सोडून देतो. धर्मगुरूपुढील निवेदनाला मात्र यांपैकी कोणत्याही अधिनियमात खास संरक्षण नाही. वॅग्नर यांनी न्यायालयात मौन धरले तेव्हा याच प्रश्नावर ब्रिटिश पार्लमेंटमध्ये चर्चा झाली होती.

दुसरा मुद्दा बंद घराचा. जी गोष्ट विशेषेकरून एखाद्याच्याच ज्ञानातील आहे ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर, असे १८७२ च्या अधिनियमाचे कलम १०६ सांगत असे. आज तेच कलम १०९ आहे. महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये असे म्हटले की, घराच्या चार भिंतींत गुन्हा घडला असता त्या घरातील माणसांनी समाधानकारक स्पष्टीकरण देणे प्राप्त आहे. परंतु हे तत्त्व फिर्यादी पक्षाला मूळ जबाबदारीतून मुक्त करीत नाही. आरोपीचा संबंध दर्शविणारी परिस्थिती आधी सिद्ध झाली, तरच स्पष्टीकरणाचा अभाव हा साखळीतील आणखी एक दुवा होऊ शकतो. हे तत्त्व रोड हिलला लावून पाहिले, तर त्याची मर्यादा ध्यानात येते. त्या घरात सकाळी अकरा माणसे जिवंत होती. ‘घरातील माणसे’ एवढ्यावरून अकरांपैकी एकाकडे बोट दाखविता येत नाही.

हरवलेल्या मुलाची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवावी आणि अपहरण वा अनैतिक व्यापार झाल्याचे प्रथमतः गृहीत धरावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. मुलाचा शोध तात्काळ सुरू व्हावा यासाठी तो अत्यावश्यकच होय. मात्र हे गृहीत शोधाला गती देण्यासाठी आहे, घराला तपासातून वगळण्यासाठी नाही. बाहेरच्या वाटा धुंडाळल्या जात असतानाच घरातील बिछाने, कपडे, दारेखिडक्या यांची नोंद करून त्या वस्तू ताब्यात घेणे, हे कोणावर आरोप ठेवणे नव्हे. ते सर्वांच्या बाबतीत सारखेच केले, तर निरपराध आईबापांचा संशय लवकर दूर होतो आणि दुर्बळ नोकरावर तो विनाकारण लादला जात नाही. एलिझाबेथ गफ दोनदा अटकेत पडली, ती अशी समान वागणूक तिला मिळाली नाही म्हणून. सॅव्हिलच्या मृत्यूची संपूर्ण हकीकत कोणत्याही न्यायालयापुढे पुराव्याने शाबीत झाली नाही, याचेही मूळ त्या पहिल्या रात्रीच्या कडीत आहे.