लोककथेचे भांडवल

परवा अर्थशास्त्राच्या तासाला एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, लोककथेला ना मालक, ना मोल. मग तिच्यावर खेळ रचणाऱ्याला पैशाअभावी काम का थांबवावे लागते?" त्याच्या डोळ्यांसमोर होता तो २३ एप्रिल २०२४ रोजी प्रसिद्ध झालेला 'टेल्स ऑफ केन्झेरा : झाऊ' हा व्हिडिओ गेम. असले खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे म्हणून मोकळे होण्याची आम्हा शिक्षकांची सवय. परंतु प्रश्न अस्सल अर्थशास्त्रातला होता.

हा खेळ केनियन वंशाचे ब्रिटिश अभिनेते अबुबकर सलीम यांच्या 'सर्जंट स्टुडिओज' या संस्थेने तयार केला. लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या कथा आणि पुढे त्याच वडिलांच्या निधनाचे दुःख यांतून त्याची कल्पना जन्मली. खेळातील झाऊ हा तरुण मांत्रिक मृत्युदेव कलुंगाशी सौदा करतो : तीन प्रबळ आत्मे तुझ्या हवाली करीन, माझे वडील मला परत दे. विजेचा पक्षी इम्पुंडुलू हा त्या तिघांपैकी एक. खेळातील संवाद स्वाहिलीतही ऐकता येतात. त्या भाषेत पित्याला 'बाबा' म्हणतात, हे कळल्यावर मराठी कानाला ती हाक परकी वाटत नाही.

आता मालकीचा प्रश्न. इम्पुंडुलूची कथा मूळची आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडची. ती केनियन वंशाच्या कलावंताच्या खेळात सहज येऊन बसली. लोककथा अशीच सीमा ओलांडीत हिंडते. परक्यांनी ती परस्पर विकून नफा कमवू नये, म्हणून आफ्रिकी राष्ट्रांनी २०१० मध्ये स्वाकोपमुंड येथे एक करार केला आणि केनियाने २०१६ मध्ये पारंपरिक ज्ञान व सांस्कृतिक आविष्कार यांच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. दोन्ही पावले स्तुत्यच. परंतु कायदा घराच्या दाराशी पहारा करू शकतो. घरातली चूल पेटवणे त्याच्या हाती नसते.

चूल पेटते ती भांडवलाने. आजी कथा सांगते तेव्हा खर्च होतो तो तिच्या वेळेचा. तीच कथा खेळात सांगायची तर चित्रकार, संगीतकार, अभिनेते आणि संगणकतज्ज्ञ यांना वर्षानुवर्षे वेतन द्यावे लागते. शिवाय या धंद्याचे गणित विलक्षण आहे. पहिल्या प्रतीवर अफाट खर्च होतो. त्यापुढील प्रत्येक प्रतीचा खर्च जवळजवळ शून्य. सारा पैसा विक्रीपूर्वीच गुंतत असल्यामुळे भांडवलदार नव्या वाटेने जायला कचरतो. खपलेल्या गोष्टीचीच दुसरी आवृत्ती त्याला सुरक्षित वाटते. अनोळखी देवदेवतांवर पैसा लावणे म्हणजे त्याच्या लेखी जुगार!

पुढे घडले ते याच गणिताला धरून. एका बलाढ्य अमेरिकी प्रकाशन कंपनीचे पाठबळ असूनही जुलै २०२४ मध्ये सर्जंटला डझनभराहून अधिक माणसे कमी करावी लागली. आफ्रिकी वळणाचा, अधिक गडद आणि गूढ असा पुढचा खेळ संस्थेच्या मनात होता. त्यासाठी निधीचा शोध सुरू असतानाच, ऑक्टोबरात, खेळ-विभागातील उरलेल्यांच्या हातीही कपातीच्या सूचना पडल्या. संस्था तगली, हे खरे. मात्र २०२५ मध्ये तिचा जो भयकारी खेळ बाजारात आला, त्याची कथा हॉलिवूडमधील एका प्रासादात घडते. तो खेळ वाईट असेल असे मी म्हणत नाही. पण आफ्रिकेची कथा मागे राहिली आणि हॉलिवूडची पुढे गेली, याला योगायोग म्हणायला मन धजत नाही.

ही अडचण आफ्रिकेपुरती नाही. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने भारतीय पुराणकथांवर आधारलेला 'राजी' हा खेळ २०२० मध्ये जगापुढे ठेवला. त्याआधी २०१७ मध्ये त्यासाठी लोकवर्गणीचे जाहीर आवाहन झाले, तेव्हा ठरविलेली रक्कम जमली नव्हती. कथेची श्रीमंती आणि कथाकाराची ओढाताण हे दृश्य नैरोबीत काय आणि पुण्यात काय, सारखेच.

मग उपाय कोणता? आपल्याच इतिहासात तो आहे. १९६० मध्ये सरकारने फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन स्थापन केले. त्याच्या अर्थसाहाय्याने मृणाल सेन यांचा 'भुवन शोम' १९६९ मध्ये पडद्यावर आला आणि बाजाराने ज्यांना उभे केले नसते अशा चित्रपटांना वाट मिळाली. सगळी कर्जे काही वसूल झाली नसतील. पण विद्यापीठाचा हिशेब तरी आपण एका वर्षाच्या नफ्यातोट्यावर कुठे मांडतो? रस्ता, शाळा, ग्रंथालय यांसारखीच लोककथाही सार्वजनिक संपत्ती असेल, तर तिच्या नव्या रूपांसाठी थोडे सार्वजनिक भांडवल बाजूला काढणे हा दानधर्म नव्हे, कर्तव्य होय.

खेळाच्या शेवटी झाऊला वडील परत मिळत नाहीत. मृत्यू सौद्याला बधत नाही, हे पचवून त्याला पुढे जावे लागते. माणसाला हे भोगणे अटळ आहे. कथांचे तसे नाही. त्यांचे मरण पुष्कळदा केवळ पैशाच्या तुटीचे असते, आणि ते टाळता येते. माझ्या विद्यार्थ्याला मी एवढेच उत्तर देऊ शकलो.