पाऊल किती, उंची किती?

रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने लिहून ठेवलं की पाऊल म्हणजे उंचीचा सहावा भाग. लिओनार्दो दा विंचीने सातवा म्हटलं. खरी सरासरी दोघांच्या मधेच आहे: प्रौढ माणसाचं पाऊल उंचीच्या साधारण 15 टक्के भरतं. म्हणजे 25 सेंमीचं पाऊल असेल तर उंची 166-167 सेंमीच्या आसपास.

घरी मोजायचं तर भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, दोन्ही पायांवर सारखा भार द्या आणि सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा. ते अंगठाच असेल असं नाही. कित्येकांचं शेजारचं बोट पुढे असतं. चपलेच्या नंबरावर मात्र विसंबू नका, कंपनीगणिक तो बदलतो!

उत्तर चार-पाच सेंमीने चुकलं तर नवल नाही. स्त्री-पुरुष आणि निरनिराळे लोकसमूह यांत प्रमाण बदलतं, म्हणून न्यायवैद्यक तज्ज्ञ प्रत्येकासाठी वेगळी सूत्रं वापरतात. वयात येणाऱ्या मुलांना हा हिशोब लावूच नये, कारण त्यांचं पाऊल आधी वाढून थांबतं, उंची मागाहून. आणि नोंद असलेला सर्वांत उंच माणूस, 272 सेंमी उंचीच्या रॉबर्ट वॅडलोचं पाऊल? तब्बल 47 सेंमी, म्हणजे 17 टक्क्यांच्या वर!