विठू महार बिदरला गेला, तेव्हा

माणसाच्या जागी दुसरंच कुणी वावरतंय, अशी गोष्ट हाती लागली की मला तहानभूक राहत नाही. म्हणूनच ‘सरोगेट्स’ हा २००९चा ब्रूस विलिसचा चित्रपट माझा लाडका. रॉबर्ट व्हेंडिटी आणि ब्रेट वेल्डेल यांच्या चित्रकथेवरून जोनाथन मॉस्टोने तो काढला. माणसं घरात खुर्चीवर पडून असतात आणि ऑफिसात, रस्त्यात, पार्ट्यांत त्यांचे यंत्रमानव हिंडतात. यंत्राला गोळी लागली तरी मालक सुखरूप, हा या धंद्याचा पाया. मग असं एक हत्यार निघतं, की यंत्राबरोबर घरचा मालकही मरतो.

पाठलाग, स्फोट वगैरे सगळं आहेच; पण मी पाहत बसतो ते चेहरे. पोलीस अधिकारी टॉम ग्रीअरचं यंत्र सोनेरी केसांचं, तुकतुकीत. घरातला खरा ग्रीअर टकला, दाढीचे खुंट वाढलेला. जो तो स्वतःपेक्षा देखणा बदली धाडतो. यंत्रांविरुद्ध रान उठवणारा बाबासुद्धा शेवटी यंत्रच निघतो! (गोष्ट फोडली म्हणून रागावू नका, चित्रपट आता जुना झाला.)

प्रत्यक्षातही हे थोडंफार आलंय. २००१ साली न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या शल्यविशारदांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या रुग्णाचं पित्ताशय यंत्राच्या हातांनी काढलं. टोकियोत एक कॅफे आहे. अंथरुणाला खिळलेली माणसं घरून यंत्रं चालवून तिथे गिऱ्हाइकांना कॉफी देतात. असो.

पण अशा बदलीच्या गोष्टींसाठी मला खरी ओढ आहे ती आपल्या सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या दोन जिल्ह्यांची, कलबुर्गी आणि बिदरची. कलबुर्गी जिल्ह्यातल्या गाणगापूरची गोष्ट तर ऐन दिवाळीचीच. ‘गुरुचरित्रा’त आहे, की सात गावच्या शिष्यांनी सणाला आपापल्या घरी चला म्हणून आपल्या गुरूंना, नृसिंहसरस्वतींना धरलं. गुरूंनी आठ रूपं घेतली. सात गावी सात गेली, आठवं मठातच राहिलं. कार्तिकी पौर्णिमेला सगळे जमल्यावर जो तो सांगू लागला, गुरू दिवाळीला माझ्याकडेच होते! प्रत्येकाने आपण दिलेलं वस्त्र पुरावा म्हणून दाखवलं. भीमा-अमरजेच्या संगमावर गेलं की मला हाच वाद आठवतो. भक्तांचं भांडण, आणि तेही पुराव्यानिशी. हे मला फार आवडतं.

पण सगळ्यांवर कडी दामाजीपंतांची. मंगळवेढ्याचे हे बहामनी अधिकारी. दुष्काळात लोक तडफडत होते, तेव्हा त्यांनी सरकारी कोठारं लुटवली. बातमी बिदरला गेली, बादशहाने पंतांना बांधून आणायचा हुकूम सोडला. आणि पंत वाटेत असतानाच दरबारात एक माणूस उभा राहिला. खांद्यावर काळी घोंगडी, हातात काठी, तोंडी जोहार. म्हणाला, मी दामाजीपंतांचा विठू महार, धान्याचे पैसे भरायला आलोय. थैली ओतली. कीर्तनकार सांगतात, मोहरांचा ढीग झाला तरी थैली रिकामी होईना. विठूने मात्र एक गोष्ट सोडली नाही: पैसे भरल्याची पावती मागून घेतली. ती पंतांना पोथीत सापडली, तेव्हा कुठे त्यांना उलगडा झाला, की विठू महार म्हणजे खुद्द विठ्ठल. महिपतीने १७६२च्या ‘भक्तिविजया’त ही कथा रंगवून सांगितली आहे.

मंगळवेढा ते बिदर अंतर सरळ रेषेतही २०० किलोमीटरच्या वर. तेवढ्या अंतरावर ज्याच्या वतीने व्यवहार झाला, त्याला त्याचा पत्ताच नाही! इथेच आमचा विठू हॉलिवूडला मागे टाकतो. देव सरदार होऊन जाऊ शकला असता, सावकार होऊन जाऊ शकला असता. त्याने घेतलं ते रूप, ज्याची सावलीही गावाला चालत नव्हती. त्याच मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना चोखामेळा भिंतीखाली गाडला गेला, हे ध्यानात ठेवून ही कथा वाचावी. गाव ज्याला वेशीबाहेर ठेवतं, त्याच्यापुढे बादशहा मोहून बसतो आणि तो पुन्हा दिसावा म्हणून तळमळतो. देखण्या यंत्रांच्या त्या शहरात असा एकही बदली नाही.

बिदरच्या किल्ल्यात तख्त महालाच्या पडक्या भिंतींजवळ उभा राहिलो, की थैली इथेच ओतली असेल, असं मी मनाशी ठरवून टाकतो. मग पाय वळतात महमूद गवानच्या १४७२च्या मदरशाकडे. उरलेल्या मिनारावर रंगीत फरशा अजून आहेत. या कर्तबगार वजिराचा घात एका कागदाने झाला. विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवला, त्यावर ओडिशाच्या राजाला फितुरीचं पत्र लिहिलं आणि ते सुलतानापुढे ठेवलं. १४८१ मध्ये, सत्तरीत, त्याचं डोकं उडवलं गेलं. त्याचा शिक्काच त्याच्या नावाने बोलला, खोटं बोलला. दामाजीला एका पावतीने वाचवलं, गवानला एका पत्राने मारलं; आणि दोघेही बिदरच्याच सुलतानांचे चाकर. पहिली दंतकथा, दुसरा इतिहास.

‘सरोगेट्स’ जरूर पाहा, पण आधी ‘भक्तिविजया’तला दामाजी वाचा. आणि बिदरला गेलात तर तख्त महाल आणि मदरसा एकाच दिवशी पाहा, आधी महाल, मग मदरसा.