.३०८ की ६.५ क्रीडमूर? हरणाच्या शिकारीची रायफल निवडताना

हा भाग ऐकून बऱ्याच जणांनी मेसेज केले, "दादा, आकडे डोक्यावरून गेले, जरा लिहून टाका ना." म्हणून हे शब्दांकन. बोलताना एक-दोन ठिकाणी माझी गाडी घसरली होती, ती इथे रुळावर आणलीय.

प्रश्न आला होता पेनसिल्व्हेनियात नोकरीला असलेल्या एका श्रोत्याचा. त्याची व्हॉइस नोट अशी: "दादा, थँक्सगिव्हिंग झालं की आमचं अर्धं ऑफिस हरणाच्या शिकारीला जातं. यंदा मीही जाणार. दुकानात एक जण म्हणतो .३०८ घे, दुसरा म्हणतो ६.५ क्रीडमूर घे. यूट्यूबवर तर नुसती हाणामारी चालू आहे. नक्की कुठली घेऊ?"

इकडे महाराष्ट्रात बसून ऐकणाऱ्यांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे चितळ, सांबर, काळवीट यांची शिकार हा गुन्हा आहे. आजची सगळी चर्चा अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल आहे. तिथल्या बहुतेक भागांतून लांडगे कधीच संपले, हरणं बेसुमार वाढली, ती शेतात घुसतात, रात्री हायवेवर गाड्यांना धडकतात. त्यामुळे ठरलेल्या सीझनमध्ये, परवाना काढून शिकार करणं तिथे रीतसर आहे.

आणि मित्रा, तू व्हिसावर असशील तर कॅलिबरच्या आधी कायदा बघ. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला तिथे बंदूक किंवा काडतुसं बाळगायला एरवी बंदी आहे. त्यातल्या मोजक्या अपवादांपैकी एक म्हणजे चालू असलेला शिकारीचा परवाना. तो परवाना पहिल्यांदा काढायला पेनसिल्व्हेनियात सुरक्षिततेचा कोर्स करावा लागतो. म्हणजे क्रम असा: कोर्स, परवाना, मग दुकान. शंका असेल तर वकिलाला विचार, मला नको.

आता आकड्यांकडे. "थ्री नॉट थ्री" हा शब्द आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलाय, पोलिसांच्या जुन्या रायफलींमुळे. त्याचा अर्थ नळीचं आतलं माप ०.३०३ इंच. पण ही नावं अगदी काटेकोर नसतात. थ्री नॉट थ्रीची गोळी प्रत्यक्षात त्याहून थोडी जाड असते. .२७० विंचेस्टरची गोळी ०.२७७ इंचाची. .३०-०६ मधला "०६" तर माप नाहीच, ते १९०६ साल आहे, अमेरिकन लष्कराने ते काडतूस घेतलं ते वर्ष. तेव्हा नावातल्या आकड्यावरून ताकद ठरवायला जाऊ नका.

.३०८ विंचेस्टर १९५२ सालची. तिची गोळी ७.८२ मिलिमीटर जाड. क्रीडमूर आली २००७ मध्ये, तिची गोळी ६.७१ मिलिमीटर. म्हणजे फरक जेमतेम एक मिलिमीटरचा, आणि त्यावरून लोक एकमेकांना अनफॉलो करतायत!

.३०८ मध्ये हरणासाठी साधारण १५० ग्रेनची गोळी वापरतात, म्हणजे पावणेदहा ग्रॅम. ती नळीतून सेकंदाला सुमारे ८६० मीटर वेगाने निघते. क्रीडमूरची १४३ ग्रेनची, सव्वानऊ ग्रॅमची गोळी ८२० मीटरच्या आसपास. सुरुवातीला .३०८ मध्ये ऊर्जा जास्त असते, ते खरंच आहे. पण क्रीडमूर मुळात निशाणेबाजीच्या स्पर्धांसाठी बनवलेली. तिची गोळी बारीक आणि लांबट, हवा चांगली कापते, वेग कमी गमावते. तीनशे यार्डांवर पोचेपर्यंत दोघींची ऊर्जा जवळपास सारखी झालेली असते. आडवा वारा असेल तर त्या अंतरावर क्रीडमूर दोन-तीन इंच कमी वाहवते. दोनशे यार्डांवर नेम बसवलेला असेल तर तीनशेला दोघीही साधारण आठ इंच खाली जातात.

पण पेनसिल्व्हेनियाच्या रानात तीनशे यार्ड दिसतंय कुठे? झाडीच एवढी की हरीण बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आतच दिसतं. तिथे या दोन काडतुसांमधला फरक हरणाला कळत नाही. "६.५ ची गोळी छोटी पडते" म्हणणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो, की स्वीडनमधले लोक शंभराहून जास्त वर्षं ६.५ मिलिमीटरच्या काडतुसाने मूस मारतायत. मूस म्हणजे घोड्याएवढं जनावर. .२७० आणि .३०-०६ हेही उत्तम पर्याय आहेत, फक्त त्यांचं काडतूस लांब, त्यामुळे रायफलही थोडी लांब आणि सहसा थोडी जड.

फरक जाणवतो तो खांद्याला. सारख्या वजनाच्या रायफलीत क्रीडमूरचा धक्का .३०८ पेक्षा साधारण पाव ते एक तृतीयांश कमी. .३०-०६ चा .३०८ पेक्षाही जास्त.

हे मी स्वतः खाल्लंय. मी तिकडे होतो तेव्हा एका सहकाऱ्याने रेंजवर त्याच्या आजोबांची .३०-०६ हातात दिली. पहिली गोळी झकास लागली. दुसरीपासून नेम भरकटला. मला वाटलं स्कोप बिघडला. तो काही बोलला नाही. पुढच्या खेपेला त्याने मला न सांगता रायफलीत नकली काडतूस भरलं. मी ट्रिगर दाबला, नुसता टिक आवाज आला, आणि नळी मात्र चांगली दोन इंच खाली गेली. आवाज नाही, धक्का नाही, तरी मी दचकलो होतो! डोळे मिटले होते ते वेगळंच. शरीर धक्क्याची आधीच तयारी करून ठेवतं, आपल्याला पत्ताही लागत नाही.

रेंजवर ही गंमत असते, रानात नसते. त्याच सीझनला आमच्यातल्या एका पोराने मोठी .३०० मॅग्नम आणली होती. "मोठी म्हणजे खात्रीची," असं त्याचं गणित. सरावाला त्याने पाचच गोळ्या झाडल्या होत्या, खांदा दुखायला लागला म्हणून. ऐंशी यार्डांवर हरीण उभं राहिलं, त्याने ट्रिगर ओढला, आणि गोळी पोटात लागली. हरणाचं हृदय आणि फुप्फुसं खांद्याच्या लगेच मागे असतात, साधारण आठ इंचांच्या वर्तुळात. तिथे लागली तर जनावर फार तर शंभरेक यार्ड पळतं आणि पडतं, रक्त गुलाबी, फेसाळ दिसतं. पोटात लागली तर जमिनीवर हिरवट-तपकिरी डाग आणि घाण वास. अशा वेळी मागे धावायचं नसतं, कित्येक तास थांबायचं असतं, नाहीतर ते आणखी लांब जातं. आम्ही धावलो. रात्री नऊपर्यंत टॉर्च घेऊन फिरलो. सकाळी सापडलं तेव्हा कोयोटींनी अर्धं खाल्लं होतं, आणि ते लवकर मेलं नव्हतं हे जमिनीवर स्पष्ट दिसत होतं. तो पोरगा परतीच्या वाटेवर गाडीत एक शब्द बोलला नाही. मॅग्नमची ताकद तीनपट असती तरी ती गोळी पोटातच लागली असती.

कॅलिबरपेक्षा गोळी कुठली, हेही जास्त महत्त्वाचं. आत गेल्यावर फुलणारी, शिकारीसाठी बनवलेली गोळीच घ्यायची. रेंजवर वापरायची स्वस्त, पूर्ण तांब्याच्या आवरणाची गोळी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन पळतं. टार्गेटसाठीच्या क्रीडमूर गोळ्याही दुकानात भरपूर असतात, खोक्यावरचं नीट वाच. राज्याचे नियमही बघ: कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी चालत नाही, आणि शेजारच्या ओहायोत हरणासाठी फक्त सरळ नळकांड्यासारखी काडतुसं चालतात. म्हणजे तुझी .३०८ काय आणि क्रीडमूर काय, राज्याची सीमा ओलांडली की दोन्ही बाद!

तर मित्रा, तू नवखा आहेस, म्हणून माझं मत क्रीडमूर. धक्का कमी, म्हणजे सराव जास्त होईल. पण चांगली वापरलेली .३०८ स्वस्तात मिळत असेल तर बिनधास्त ती घे आणि वाचलेले पैसे काडतुसांवर घाल. वीस गोळ्यांचं एक खोकं पुरणार नाही, निदान पाच-सहा लागतील. दोन्ही रायफली दुकानात खांद्याला लावून बघ, गाल दस्त्यावर टेकला की डोळा आपोआप स्कोपसमोर येतोय का ते पाहा. टेबलावर टेकवून शंभर यार्डांवर नेम बसव, मग टेबल सोडून गुडघ्यावर बसून आणि झाडाला टेकून मार, कारण रानात टेबल नसतं. त्या आठ इंचांत दहापैकी दहा गोळ्या ज्या अंतरापर्यंत बसतील, तेवढंच तुझं अंतर. ते साठ यार्ड निघालं तर साठ. आणि मित्राला सांग, मधूनच एक नकली काडतूस भर म्हणून.

डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी कपडा तिथे सक्तीचा आहे, तो विसरू नको. रेंजवरून आलास की टार्गेटच्या कागदाचा फोटो पाठव, चांगला आला नसेल तरी पाठव.